मोहालीची राख, धोलेराचा पाया

सत्तेचे चक्र पाच वर्षांचे असते. सेमीकंडक्टर उद्योगाचे किमान वीस वर्षांचे. या दोन चक्रांचा मेळ घालण्याचे भारताचे आधीचे तीन प्रयत्न अर्ध्यावरच राहिले. चौथ्या प्रयत्नात शहात्तर हजार कोटी रुपयांचा सरकारी पैसा पणाला लागला आहे. तो कोणत्या मापाने मोजायचा, हा राजधानीपुढचा खरा प्रश्न आहे.

गुरुवार, २९ फेब्रुवारी २०२४. सतराव्या लोकसभेचे अखेरचे अधिवेशन आटोपले होते, खासदार आपापल्या मतदारसंघांत परतले होते आणि दिल्लीत आचारसंहितेच्या तारखेचे अंदाज बांधले जात होते. त्या दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळाने सेमीकंडक्टरच्या तीन प्रकल्पांना एकाच बैठकीत मंजुरी दिली. तेरा दिवसांनी, १३ मार्चला, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिन्ही प्रकल्पांची पायाभरणी केली आणि त्यानंतर तीनच दिवसांनी निवडणूक आयोगाने लोकसभेचा कार्यक्रम जाहीर केला.

राजधानीतील जुन्या अधिकाऱ्यांना या घाईत काहीतरी ओळखीचे वाटले असेल, तर त्यांचा दोष नाही. बरोबर दहा वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, डॉ. मनमोहन सिंग यांचे सरकार अशाच निवडणुकीच्या उंबरठ्यावर उभे होते. तेव्हाचे दूरसंचार व माहिती तंत्रज्ञान मंत्री कपिल सिब्बल यांच्या खात्याने दोन चिप कारखान्यांना हिरवा कंदील दाखविला होता. एक जयप्रकाश असोसिएट्सचा, आयबीएम आणि इस्रायलच्या टॉवर कंपनीच्या साथीने, यमुना द्रुतगती मार्गालगत. दुसरा हिंदुस्थान सेमीकंडक्टर मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनचा, एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आणि मलेशियाच्या सिल्टेरासह, गुजरातमध्ये प्रांतिज येथे. दोन्ही मिळून गुंतवणूक सुमारे त्रेसष्ट हजार कोटी रुपयांची सांगितली गेली. सरकार बदलले, पहिला प्रवर्तक कर्जाच्या ओझ्याने मागे हटला, दुसऱ्याला भांडवल उभे करता आले नाही. दोन्ही कारखाने कागदावरच राहिले.

सरकारे वेगळी, पक्ष वेगळे, मुहूर्त मात्र एकच. म्हणूनच आजच्या कार्यक्रमाकडे पाहताना जाहीर झालेल्या आकड्यांपेक्षा या उद्योगाचे अर्थकारण समजून घेणे अधिक अगत्याचे ठरते. सेमीकंडक्टर हा असा धंदा आहे की, त्यात पायाभरणीचा दिवस सर्वात सोपा असतो.

आधीचे तीन प्रयत्न

या क्षेत्रात भारत उशिरा जागा झाला, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडचा निर्णय १९७६ चा. अमेरिकन मायक्रोसिस्टम्स या कंपनीचे तंत्रज्ञान घेऊन १९८४ मध्ये तेथे पाच मायक्रॉनच्या चिपचे उत्पादन सुरू झाले. आज जगाच्या चिप उत्पादनाचा कणा समजली जाणारी तैवानची टीएसएमसी ही कंपनी त्यानंतर तीन वर्षांनी, १९८७ मध्ये स्थापन झाली. म्हणजे शर्यतीच्या प्रारंभरेषेवर भारत हजर होता.

७ फेब्रुवारी १९८९ रोजी मोहालीच्या कारखान्याला आग लागली आणि उत्पादन विभाग जळून गेला. आगीच्या कारणाबद्दल तर्कवितर्क आजही लढविले जातात. पण खरी हानी आगीनंतरच्या वर्षांत झाली. या उद्योगात दर दोन-तीन वर्षांनी तंत्रज्ञानाची एक पिढी बदलते. मोहालीची पुनर्उभारणी मात्र फायलींच्या गतीने होत राहिली आणि कारखाना पुन्हा उभा राहिला तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. तोपर्यंत जग कित्येक पिढ्या पुढे निघून गेले होते. पुढे ही संस्था अवकाश विभागाकडे गेली, प्रयोगशाळा म्हणून तिचे नामांतर झाले आणि उपग्रह व प्रक्षेपकांसाठी मोजक्या चिप बनविणे हेच तिचे काम उरले. २ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत पंतप्रधानांच्या हाती ठेवण्यात आलेला ‘विक्रम’ हा बत्तीस बिटचा प्रोसेसर मोहालीतच घडलेला आहे. अवकाश मोहिमांसाठी तो मोलाचा आहे; परंतु त्याचे तंत्र १८० नॅनोमीटरचे, म्हणजे जगात विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचलित झालेले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा प्रयत्न २००७ चा. त्या वर्षी मार्चमध्ये केंद्राने विशेष प्रोत्साहन योजना जाहीर केली. विशेष आर्थिक क्षेत्रात वीस टक्के आणि बाहेर पंचवीस टक्के भांडवली साहाय्य, असे तिचे स्वरूप होते. हैदराबादजवळ ‘फॅब सिटी’ वसवायची होती आणि एएमडीच्या तंत्रज्ञानावर सेमइंडिया ही कंपनी कारखाना काढणार होती. पण धोरणाचा मसुदा मंत्रालयांच्या टेबलांवरून फिरत असतानाच इंटेलने जुळणीच्या कारखान्यासाठी व्हिएतनामची निवड केली होती आणि भारताचे धोरण जाहीर झाले त्याच महिन्यात तिने चीनमधील दालियन येथे चिप कारखान्याची घोषणा केली. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. तिसरा प्रयत्न २०१४ चा. त्याची गत वर सांगितलीच आहे.

या तिन्ही प्रयत्नांतली खोट एकच होती. सरकारने कारखान्याकडे एक प्रकल्प म्हणून पाहिले. मंजुरी, जमीन, अनुदान, उद्घाटन असा तो प्रवास मानला गेला. प्रत्यक्षात चिपचा कारखाना हा धरणासारखा एकदा बांधून सोडून देण्याचा विषय नाही. तो दरवर्षी नव्याने बांधावा लागतो.

घसाऱ्याचे गणित

ते का, हे समजण्यासाठी कारखान्यात थोडे डोकावावे लागेल. सिलिकॉनच्या एका तबकडीवर शेकडो प्रक्रिया होतात आणि ती कोरी आत गेल्यापासून चिप होऊन बाहेर पडेपर्यंत साधारण तीन महिने लागतात. या काळात वीज क्षणभरही खंडित होऊन चालत नाही. पाणी पिण्याच्या पाण्याहून कित्येक पटींनी शुद्ध लागते. २०२१ च्या दुष्काळात तैवानमधील कारखान्यांना टँकरने पाणी पुरवावे लागले होते. यंत्रे मोजक्याच कंपन्या बनवितात. अतिप्रगत चिपसाठी लागणारे अतिनील किरणांचे छपाईयंत्र तर जगात नेदरलँड्सची एएसएमएल ही एकटीच कंपनी तयार करते आणि त्याच्या नव्या आवृत्तीची किंमत पस्तीस कोटी डॉलरच्या पुढे आहे. एकट्या टीएसएमसीने २०२४ या एका वर्षात भांडवली खर्चावर सुमारे तीस अब्ज डॉलर खर्च केले. भारताने १५ डिसेंबर २०२१ रोजी मंजूर केलेला संपूर्ण कार्यक्रम शहात्तर हजार कोटी रुपयांचा आहे. म्हणजे एका कंपनीचा एका वर्षाचा खर्च भारताच्या सगळ्या कार्यक्रमाच्या तिपटीहून अधिक.

अशा धंद्यात कच्चा माल आणि मजुरी यांना दुय्यम स्थान असते. खरा खर्च घसाऱ्याचा असतो. धोलेरा येथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पॉवरचिप कंपनी यांच्या सहयोगाने उभा राहणारा कारखाना ९१ हजार कोटी रुपयांचा आहे आणि त्याची नियोजित क्षमता महिन्याला पन्नास हजार तबकड्यांची, म्हणजे वर्षाला सहा लाखांची आहे. ढोबळ हिशेबासाठी हे सगळे भांडवल दहा वर्षांत वसूल करायचे असे धरले, तर प्रत्येक तबकडीवर केवळ घसाऱ्याचा भार सुमारे दीड लाख रुपये पडतो. वीज, रसायने, पगार, परवान्याचे शुल्क हे सारे त्यानंतर. कारखाना निम्म्याच क्षमतेने चालला, तर हाच भार तबकडीमागे तीन लाखांवर जातो. यंत्रे बंद ठेवली म्हणून घसारा थांबत नाही. त्यामुळे चिपच्या कारखान्याला मंदीतही चालू राहावे लागते, आणि सगळेच चालू राहिले की भाव आणखी कोसळतात. जागतिक चिप विक्री २०२३ मध्ये आठ टक्क्यांनी घटून सुमारे ५२७ अब्ज डॉलरवर आली होती आणि २०२४ मध्ये ती ६२७ अब्ज डॉलरच्या पुढे उसळली. तेजी-मंदीचे असे हेलकावे या धंद्याच्या पाचवीलाच पुजलेले आहेत.

आता सरकारी अनुदानाचा अर्थ उलगडतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सुधारलेल्या योजनेनुसार केंद्र प्रकल्पखर्चाच्या पन्नास टक्क्यांपर्यंत साहाय्य देते. गुजरातच्या धोरणात केंद्राच्या मदतीच्या चाळीस टक्के, म्हणजे मूळ खर्चाच्या आणखी वीस टक्के, राज्य देते. सगळा खर्च साहाय्यास पात्र ठरला असे मानले, तर तबकडीमागचा दीड लाखाचा भार पंचेचाळीस हजारांच्या आसपास उतरतो. अनुदान ही येथे उदारतेची बाब नसून बाजारात उभे राहण्याची किमान अट आहे. कारण धोलेरात ज्या २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या तंत्राच्या चिप व्हायच्या आहेत, तशाच चिप तैवान, कोरिया, चीन येथील ज्या कारखान्यांतून बाहेर पडतात, त्यांतील अनेकांची यंत्रे हिशेबाच्या वह्यांतून कधीच फिटलेली आहेत. नव्याने यंत्रे घेणाऱ्याने यंत्रे फिटलेल्याशी त्याच भावात स्पर्धा करायची, तर कोणीतरी फरक भरावा लागतो. तो फरक भारतात करदाता भरत आहे.

हे केवळ भारतातच घडते असे नव्हे. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ५२ अब्ज डॉलरचा कायदा केला, युरोपने २०२३ मध्ये आपला कायदा केला, जपानने टीएसएमसीला कुमामोटोत आणले आणि चीनने मे २०२४ मध्ये ३४४ अब्ज युआनचा तिसरा निधी उभारला. ऑगस्ट २०२५ मध्ये तर मुक्त बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्या अमेरिकी सरकारने इंटेलमध्ये सुमारे दहा टक्के भागभांडवल घेतले. सारे जगच या उद्योगाला तिजोरीतून पोसत असताना भारताने हात राखून ठेवावा, असे म्हणणे व्यवहाराला धरून होणार नाही. मात्र सगळेच पोसू लागले की क्षमता गरजेपेक्षा वाढते, आणि ही वाढ नेमकी जुन्या तंत्राच्या चिपमध्ये चीनने सर्वाधिक केली आहे. धोलेरापुढचे खरे संकट तंत्रज्ञानाचे असण्यापेक्षा भावाचे असेल, असे म्हणावे लागते ते याच कारणाने.

जुनी चिप, नवी निकड

जुने तंत्र म्हणजे टाकाऊ तंत्र, असा मात्र समज करून घेऊ नये. २०२१ मध्ये ज्या चिपच्या तुटवड्याने जगभरचे मोटार उद्योग ठप्प केले, त्या बहुतांशी जुन्या आणि स्वस्त चिप होत्या. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मारुतीचे हरियाणा व गुजरातमधील उत्पादन नेहमीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत खाली येईल, असे कंपनीलाच जाहीर करावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. नेदरलँड्सच्या सरकारने चिनी मालकीच्या नेक्सपेरिया कंपनीचे नियंत्रण हाती घेतले, चीनने त्या कंपनीच्या मालाची निर्यात रोखली आणि काही रुपयांच्या सुट्या भागांवाचून लाखो रुपयांच्या गाड्या अडण्याची वेळ आली.

विजेचे मीटर, सिमकार्ड, रेल्वेची सिग्नल यंत्रणा, ट्रॅक्टर, दुचाकी, रुग्णालयातील उपकरणे या साऱ्यांना अशाच चिप लागतात. चिंचवड, चाकण वा छत्रपती संभाजीनगरच्या वाहन उद्योगाला तीन नॅनोमीटरच्या चिपची गरज क्वचितच पडते. वेळेवर आणि खात्रीने मिळणारी जुनी चिप मात्र रोज लागते. देशाची चिपची बाजारपेठ २०२४-२५ मध्ये ४५ ते ५० अब्ज डॉलरची होती आणि २०३० पर्यंत ती शंभर अब्जांच्या पुढे जाईल, असा सरकारचा अंदाज आहे. ही गरज बहुतांशी आयातीवर भागते. तेव्हा भारताने मागच्या दारातून का होईना, पण या घरात शिरण्याचा मार्ग निवडला, तो धोरण म्हणून चुकीचा नाही.

मलई कोणाच्या वाट्याला

प्रश्न आहे तो प्रवेशानंतर कोणत्या खोलीत बसायचे याचा. ऑगस्ट २०२५ पर्यंत मंत्रिमंडळाने मंजूर केलेले प्रकल्प दहा आणि एकत्रित गुंतवणूक सुमारे एक लाख साठ हजार कोटी रुपयांची. त्यांपैकी सिलिकॉनच्या तबकडीवर प्रत्यक्ष चिप घडविणारा मोठा कारखाना एकच, धोलेराचा. ओडिशात सिलिकॉन कार्बाइडच्या चिपचा एक विशेष कारखाना आहे. उरलेल्यांपैकी बहुतेकांचे काम घडलेल्या चिपची जुळणी, वेष्टन आणि चाचणी हे आहे. सोन्याच्या खाणीशी तुलना करायची, तर हे दागिन्याला पॉलिश करण्याचे काम. त्यात कौशल्य लागते, रोजगार मिळतो, पण नफ्याचे प्रमाण बेताचे असते.

साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाचे उदाहरण बोलके आहे. एकूण खर्च २२,५१६ कोटी रुपये. त्यातले पन्नास टक्के केंद्राचे, वीस टक्के राज्याचे. म्हणजे सुमारे १५,७६० कोटी रुपये सरकारी. कंपनीने सांगितलेले थेट रोजगार पाच हजार. साधे त्रैराशिक मांडले, तर एका थेट नोकरीमागे सरकारी खजिन्यातून तीन कोटी रुपयांहून अधिक रक्कम पडते. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी या अनुदानावर जे आक्षेप घेतले, त्यांचा रोख हाच होता. एवढा पैसा उच्च शिक्षणावर खर्च केला असता तर अधिक पदरात पडले असते, हा त्यांचा युक्तिवाद. सरकारचे उत्तर असे की, पहिल्या पाहुण्याला पंगतीत बसवायला आग्रह करावाच लागतो; एकदा तो बसला की रसायने, वायू, यंत्रांचे सुटे भाग पुरविणारे मागोमाग येतात. मायक्रॉननंतर आलेल्या प्रकल्पांकडे पाहता या उत्तरात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण आग्रह किती पंगतींपर्यंत करायचा, याची मर्यादा कोठेही लिहिलेली नाही.

दुसरीकडे, या उद्योगातील मलई जेथे जमते त्या रचनाकामात भारताची अवस्था विचित्र आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरूत केंद्र काढले. तेव्हापासून बंगळुरू, हैदराबाद, नोएडा, पुणे येथे चिपचे आराखडे काढणाऱ्या अभियंत्यांची फौजच उभी राहिली. जगातील चिप-रचनाकारांपैकी सुमारे वीस टक्के भारतात आहेत, असे सरकार अभिमानाने सांगते. मात्र त्यांनी काढलेल्या आराखड्यांची मालकी परदेशी कंपन्यांची असते. एनव्हिडियाचा स्वतःचा एकही चिप कारखाना नाही, तरीही जगातील सर्वात मूल्यवान कंपन्यांत तिची गणना होते, ती आराखड्याच्या मालकीमुळे. भारतात पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘वेगा’ आणि आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ हे स्वदेशी प्रोसेसर आहेत. पण प्रयोगशाळेतून बाजारात येण्याची वाट खडतर आहे. रचनेला प्रोत्साहन देण्याच्या योजनेत एका प्रस्तावाला मिळणारे मूळ साहाय्य पंधरा कोटी रुपयांपर्यंतच मर्यादित आहे. प्रगत चिपच्या एका आराखड्याचा खर्च शेकडो कोटींच्या घरात जातो. विटा-सिमेंटला हजारो कोटी आणि बुद्धीला पंधरा कोटी, ही विभागणी कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात तरी बदलायला हवी.

राज्यांची शर्यत

राजधानीच्या राजकारणात सर्वाधिक धुरळा उडतो तो प्रकल्प कोणत्या राज्यात गेले यावरून. मंजूर दहा प्रकल्पांपैकी चार गुजरातमध्ये, दोन ओडिशात आणि आसाम, उत्तर प्रदेश, पंजाब, आंध्र प्रदेश येथे प्रत्येकी एक. मोबाइल उत्पादनात अग्रेसर असलेला तामिळनाडू, चिप-रचनेची राजधानी असलेला कर्नाटक आणि वाहन उद्योगाचे माहेरघर असलेला महाराष्ट्र यांपैकी कोणाचेही नाव या यादीत नाही. २०२५ मध्ये कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी या विभागणीवर जाहीर आक्षेप घेतला आणि आसामचे मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी त्यांना तिखट उत्तर दिले. जागा कंपन्याच निवडतात, सरकार नव्हे, ही केंद्राची भूमिका आहे. ती कागदोपत्री बरोबर आहे. तथापि, पन्नास टक्क्यांपर्यंत भांडवल ज्याच्याकडून यायचे त्या सरकारच्या मनाचा अंदाज गुंतवणूकदार घेत नसतील, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आसामची बाजूही मात्र समजून घेतली पाहिजे. मोरीगाव जिल्ह्यात जागीरोड येथे टाटांचा सत्तावीस हजार कोटींचा जुळणी-चाचणी प्रकल्प ज्या जागेवर उभा राहत आहे, तेथे एकेकाळी हिंदुस्थान पेपर कॉर्पोरेशनची गिरणी होती. ती बंद पडल्यावर कामगारांची झालेली दैना तेथील लोक विसरलेले नाहीत. अशा ठिकाणी दिवसाला चार कोटी ऐंशी लाख चिप हाताळणारा कारखाना येतो, तेव्हा त्याचे मोल केवळ नफ्या-तोट्यात मोजता येत नाही.

महाराष्ट्राची जखम तळेगावची. वेदांत-फॉक्सकॉनचा एक लाख चौपन्न हजार कोटींचा प्रकल्प तेथे येणार, असे गृहीत धरले जात असताना १३ सप्टेंबर २०२२ रोजी त्याचा सामंजस्य करार गुजरातशी झाला. मुंबईत आणि संसदेच्या आवारात त्यावरून बराच गदारोळ झाला. दहा महिन्यांनी, १० जुलै २०२३ रोजी, फॉक्सकॉननेच अंग काढून घेतले. तो कारखाना ना तळेगावला झाला, ना धोलेराला. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पनवेल तालुक्यात अदानी-टॉवर यांच्या ८३,९४७ कोटींच्या प्रकल्पास मंजुरी दिली. त्या कंपन्यांची बोलणी थांबल्याचे वृत्त २०२५ मध्ये आले. दोन राज्ये ज्यासाठी भांडली तो प्रत्यक्षात एक करारनामा होता. तंत्रज्ञान देणारा भागीदार ज्याच्या पाठीशी नाही, असा कितीही कोटींचा प्रकल्प म्हणजे बाजारात तुरी, एवढाच धडा त्यातून घ्यायचा. धोलेरा आज तरी वेगळा दिसतो, कारण तेथे पॉवरचिपचे तंत्र आहे, टाटांचे भांडवल आहे आणि अभियंते तैवानला जाऊन प्रशिक्षण घेत आहेत.

संसदेने काय विचारावे

या विषयावर संसदेत प्रश्न भरपूर विचारले जातात; पण बहुतेक प्रश्न ‘माझ्या राज्यात कधी’ या एकाच सुराचे असतात. उत्तरेही मंजूर गुंतवणूक, अपेक्षित रोजगार आणि प्रशिक्षित होणाऱ्या पंच्याऐंशी हजार अभियंत्यांचे उद्दिष्ट यांच्या कोष्टकापलीकडे जात नाहीत. लोकलेखा समितीच्या सदस्यांना आणि अर्थ मंत्रालयातील अधिकाऱ्यांना खरी माहिती हवी असेल, तर विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. प्रत्येक प्रकल्पाला आजवर प्रत्यक्ष किती रक्कम दिली गेली? कंपनीने स्वतःचे किती घातले? क्षमतेच्या किती टक्के वापर होत आहे? शंभरातल्या किती चिप चाचणीत टिकतात? आणि ग्राहक कोण, देशी की परदेशी?

केंद्राचे साहाय्य कंपनीच्या खर्चाच्या प्रमाणात, टप्प्याटप्प्याने दिले जाते, ही व्यवस्था चांगली आहे. २०१४ प्रमाणे प्रवर्तकच खचला, तर सगळा पैसा बुडत नाही. पण कारखाना उभा राहून चालला नाही, तर काय करायचे, याचे उत्तर या व्यवस्थेत नाही. पहिली मंदी येईल, भाव कोसळतील, कंपनी पुन्हा मदतीसाठी इलेक्ट्रॉनिक्स निकेतनच्या पायऱ्या चढेल. त्या वेळी सत्तेवर कोणते सरकार असेल, हे आज सांगता येत नाही. ते सरकार हा आपल्या पूर्वसुरींचा पांढरा हत्ती मानून हात झटकणार, की देशाची गुंतवणूक मानून टिकविणार? तैवान आणि कोरिया यशस्वी झाले ते अनुदानाच्या आकड्यामुळे जेवढे, त्याहून अधिक तोट्याच्या वर्षांतही पाठीशी उभे राहण्याच्या चिकाटीमुळे.

१ फेब्रुवारी २०२६ रोजी सादर झालेल्या अर्थसंकल्पात सेमीकंडक्टर मिशनच्या दुसऱ्या पर्वाची घोषणा झाली. यंत्रसामग्री, रसायने-वायू आणि भारतीय मालकीचे आराखडे यांवर त्याचा भर असेल, असे सांगण्यात आले. दिशा योग्य आहे. तिच्या जोडीला दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली, सरकार स्वतः मोठा ग्राहक आहे. विजेचे मीटर, रेल्वे, संरक्षण, दूरसंचार यांच्या खरेदीत देशी चिपला ठरावीक वाटा मिळाला, तर मंदीतही कारखान्यांची यंत्रे फिरती राहतील. दुसरी, या कार्यक्रमाचे वार्षिक प्रगतिपत्रक संसदेच्या पटलावर ठेवण्याची शिस्त, सर्व पक्षांच्या संमतीने. विरोधकांना त्यातून टीकेला दारूगोळा मिळेल हे खरे; पण विरोधकही या हिशेबात सामील झाले, तरच सत्तांतरानंतर कार्यक्रम टिकतो, हा २०१४ चा अनुभव आहे.

मोहालीच्या जुन्या प्रयोगशाळेच्या आधुनिकीकरणासाठी साडेचार हजार कोटी रुपये खर्च करण्याचे सरकारने २०२५ च्या अखेरीस जाहीर केले. आगीनंतर छत्तीस वर्षांनी का होईना, तिकडे लक्ष गेले. ती आग आपल्या हातात नव्हती. नंतर गेलेली वर्षे मात्र होती. धोलेरातही कधी ना कधी अडचण उद्भवेल, एखादी यंत्रप्रणाली बसणार नाही, एखादे वर्ष तोट्याचे जाईल. त्या दिवशी दिल्लीतली फाइल किती दिवसांत हलते, यावर शहात्तर हजार कोटींचे भवितव्य ठरणार आहे.